धाकट्या मालकांचा बाजारभाव

थोरल्या मालकांच्या केबिनमधला खांब पोकळ होता. मी त्याला टेकून उभी राहिले तेव्हा आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला आणि मी दचकून सरळ झाले.

"प्लायवूडचा हाय," धनपाल हेरवाडे कागदावरून मान वर न करता म्हणाले. "खरा सुकुमारच्या केबिनीत हाय. बिल्डिंगचा. त्या खांबानं त्याची जागा खाल्ली, म्हणून माझ्यात पण तेवढाच बसवून घेतला."

"पण का?"

"मग काय, मी मोठ्या केबिनीत बसू?"

मी खुर्चीत बसले.

याला आता सतरा-अठरा वर्षं झाली. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत हेरवाडे कास्टिंग्ज नावाची फाउंड्री होती. ट्रॅक्टरला आणि पंपांना लागणारे लोखंडी भाग तिथे ओतले जात. धनपाल आणि सुकुमार हे दोघे भाऊ तिचे निम्मे-निम्मे मालक आणि दोघेही मॅनेजिंग डायरेक्टर. कामगार त्यांना थोरले मालक आणि धाकटे मालक म्हणत. मला पुण्याहून बोलावलं होतं ते त्यांच्यापैकी कोणीच नाही, तर तेलंग नावाच्या माणसाने.

तेलंग मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीचा. हेरवाड्यांना नवी भट्टी घालायची होती आणि त्यासाठीचे पैसे तेलंगची कंपनी देणार होती. जुनी भट्टी सारखी आजारी पडायची, आणि एका ट्रॅक्टर कंपनीची मोठी ऑर्डर नव्या भट्टीवाचून पुरी होणं शक्य नव्हतं. तेलंगची अट एकच होती. दोन्ही मालकांचे पगार ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे ठरवून घ्यायचे, तेही बाहेरच्या माणसाकडून. ते होईपर्यंत भट्टी नाही. बाहेरचा माणूस म्हणजे मी.

माझा धंदा असा की कंपन्यांमधल्या सगळ्यात वरच्या माणसांना किती पगार द्यावा हे मी सांगते. ठरलेला किती, कामगिरीवर किती, शेअर किती, गाडी कुठली, आणि काढून टाकलं तर हातात काय द्यायचं. आईला मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ज्यांना भरपूर आहे त्यांना आणखी किती द्यायचं ते." मी खूप विचार केला, पण यापेक्षा बरी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. पद्धत सोपी आहे. तेवढ्याच मोठ्या दहा-बारा कंपन्या घ्यायच्या, तिथल्या साहेबांचे पगार मांडायचे आणि सरासरी काढायची. प्रत्येक कंपनीला आपला साहेब सरासरीच्या थोडा वर हवा असतो. सगळेच थोडे वर गेले की सरासरीही वर सरकते आणि दुसऱ्या वर्षी मला पुन्हा बोलावतात. माझं बरं चाललं होतं.

हेरवाड्यांकडे मात्र पहिल्याच दिवशी माझी पद्धत अडली. दोघांचा पगार पैशापर्यंत सारखा होता, हे मला आधीच माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं. दोघांच्या गाड्या एकाच रंगाच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. थोरले मालक मशिनरीच्या प्रदर्शनासाठी जर्मनीला गेले, तर धाकट्यांना तेवढ्याच दिवसांसाठी म्हैसूरला पाठवलं. तिथे त्यांना करायला काही नव्हतं, त्यामुळे ते राजवाडा रोज बघून आले. थोरल्यांच्या हृदयाचं ऑपरेशन कंपनीच्या खर्चाने झालं, तेव्हा धाकट्यांची तेवढ्याच रकमेची तपासणी करायचं ठरलं. तपासणीत काही निघेना आणि रक्कम संपेना. शेवटी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून घेतले, जे अजून पिकलेही नव्हते.

"दुखलं का?" मी नंतर धाकट्यांना विचारलं होतं.

"न्हाई. पण अण्णाला बरं वाटलं," ते म्हणाले.

काम कोण करतं याबद्दल मात्र शंका नव्हती. थोरले सकाळी सातला भट्टीसमोर उभे असत. गिऱ्हाईक, बँक, कामगारांची युनियन, वाळूचा पुरवठादार, सगळ्यांशी तेच भांडत आणि तेच मिटवत. बासष्टीचा माणूस, बोलणं दणक्याचं, राग नाकाच्या शेंड्यावर. धाकटे अकराच्या सुमाराला येत.

आठवड्याने मी पहिला मसुदा घेऊन गेले. तेलंगही मुंबईहून आला होता. धाकटे नव्हते, कारण त्यांना बोलावू नका असं तेलंगचं म्हणणं होतं. मसुद्यात थोरल्यांचा पगार वाढला होता आणि धाकट्यांचा आत्ताच्या एक तृतीयांश झाला होता. तोही मी हात सैल सोडून धरला होता.

थोरल्यांनी कागद वाचला. मग खिशातलं पेन काढून स्वतःचा आकडा खोडला आणि त्याच्या जागी भावाचा आकडा लिहिला.

"झालं," ते म्हणाले. "आता जमतंय?"

तेलंगचा चेहरा क्षणभर उजळला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या एमडीला आपला पगार कापताना पाहिलं असावं. मी म्हणाले, "नाही जमत. असं केलं तर तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला तुमच्यापेक्षा जास्त पगार होतो."

"मग त्याचा कमी करा."

"तो सोडून जाईल."

"मग तो घेऊ दे जास्त. माझं काय जातंय?"

"साहेब, प्रॉब्लेम तो नाही," तेलंग म्हणाला. "आमच्या कमिटीपुढे हा आकडा गेला तर पहिला प्रश्न येणार, हा एमडी इतका स्वस्त का? म्हणजे काहीतरी डिफेक्ट असणार."

"डिफेक्ट?" थोरल्यांचा आवाज भट्टीपर्यंत गेला असेल. "ह्या हातानं उभी केलीय मी फाउंड्री!"

"तेच म्हणतोय मी. मग त्याचे पैसे घ्या ना!"

"सुकुमारला पण द्या, घेतो."

"पण ते काय करतात?"

"भाऊ हाय माझा."

"ते काम नाही ना साहेब."

"तुम्हाला हाय का भाऊ?"

"नाही."

"मग तुम्हाला कळायचं न्हाई," असं म्हणून थोरल्यांनी फाइल बंद केली. तेलंगने मला बाहेर नेऊन सांगितलं की महिनाअखेरपर्यंत काय ते करा, नाहीतर त्याच्या यादीत सांगलीची एक फाउंड्री आहे. तिला एकच मालक आहे आणि त्याला भाऊ नाही, हे त्याने फोन करून विचारून घेतलं होतं.

हेरवाडे जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यामुळे संध्याकाळी घरून दोन डबे यायचे आणि दोघे भाऊ थोरल्यांच्या केबिनमध्ये बसून जेवायचे. त्या दिवशी थोरल्यांनी मलाही थांबवून घेतलं. धाकटे यायचे होते. थोरल्यांनी डबा उघडला नाही, नुसता हात ठेवून बसले.

"मॅडम, आमच्या वडलांचं आणि चुलत्यांचं एका विहिरीवरनं बिनसलं," ते म्हणाले. "कोण आधी पाणी घेणार, एवढंच. कोर्टात गेलं. वडील गेले, चुलते गेले, खटला ऱ्हायला. चुलते वारले तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा न्हाई. शेजारच्या घरातनं तिरडी निघाली आणि आम्ही खिडकीतनं बघितली. मी तेव्हाच ठरवलंय, आमच्यात भाऊबंदकी येऊ द्यायची न्हाई. एकाला एक रुपाया जास्त दिला की ती आली म्हणून समजा."

"धाकट्या मालकांचा स्वभाव तसा वाटत नाही."

"चुलत्यांचा पण नव्हता."

तेवढ्यात धाकटे आले आणि आम्ही तिघांनी भाकरी, झुणका आणि वांग्याची भाजी खाल्ली. दोन्ही डब्यांत वांग्याच्या फोडीही सारख्याच होत्या. मी मोजल्या नाहीत, पण मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या मालकांची मुलाखत घेतली. आमच्या धंद्यात पदाची मुलाखत घेतात. त्या पदावरचा माणूस दिवसभरात काय काय करतो ते लिहून घ्यायचं, त्याला गुण द्यायचे आणि गुणांवरून किंमत ठरवायची. खुर्ची मोजायची, खुर्चीतला माणूस मोजायचा नाही, असं मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं.

सुकुमार हेरवाडे छप्पन वर्षांचे होते. अंगाने सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांवर कुठे कुठे चरे. ते माझ्या प्रश्नांची उत्तरं परीक्षेला बसल्यासारखी मन लावून देत होते.

"तुमचं काम काय?"

"मॅनेजिंग डायरेक्टर."

"ते पद झालं. काम?"

त्यांनी बराच विचार केला. "सकाळी येतो," ते म्हणाले.

मी लिहिलं, 'येतात.'

"मग अण्णाकडं जातो. काल काय झालं, आज काय करायचं, ते अण्णा सांगतोय. मी व्हय म्हणतोय."

"कधी नाही म्हणालात?"

"एकदा. गेटला हिरवा रंग द्यायचं चाललेलं. मी निळा म्हटलं."

"मग?"

"निळाच हाय की. येताना बघितला असंल तुम्ही."

मी बघितला होता. मी लिहिलं, 'गेटचा रंग.'

"आणि दुपारी?"

ते जरा घुटमळले. दाराकडे बघून म्हणाले, "दुपारी पॅटर्न शॉपला असतोय. अण्णाला माहीत न्हाई. म्हणजे माहीत असंल. पण आम्ही कधी बोललो न्हाई त्यावर."

लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून साचा घेतात. त्या प्रतिकृतीला पॅटर्न म्हणतात आणि ते जिथे करतात ते पॅटर्न शॉप. धाकटे मला तिकडे घेऊन गेले. शेड लाकडाच्या भुश्शाने भरलेली होती. केरबा मिस्त्री आणि त्यांचे चार सुतार काम करत होते आणि मालक आत आल्यावर कोणी उठून उभं राहिलं नाही. मला ते पहिल्यांदा खटकलं. मग लक्षात आलं की रोजच्या माणसासाठी कोण उठतं?

मी केरबांना म्हणाले, "मला यांच्या कामाबद्दल विचारायचंय."

केरबांनी मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "मी पाणी पिऊन येतो," आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला माठाकडे गेले.

"हात बरा हाय," केरबा म्हणाले.

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा. लई भारी न्हाई. कडा गोल करायच्या, घासून पॉलिश करायचं, मोडलेलं जोडायचं, एवढं नीट करत्यात. नवा पॅटर्न एकट्याला जमायचा न्हाई. पण सांगितलेलं ऐकत्यात आणि टाळाटाळ न्हाई."

"काही तक्रार?"

"लाकूड लई वाया घालवत्यात. मालक हाईत म्हणून बोललो न्हाई."

"आणि मालक नसते तर?"

"बोललो असतो की."

धाकटे परत आले. आम्ही ऑफिसकडे चालू लागलो. मधल्या मोकळ्या जागेत, जिथे साच्यांच्या तुटक्या लोखंडी पेट्या टाकून दिल्या होत्या, तिथे ते थांबले.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही सगळ्यांचा बाजारभाव सांगता. मला बाहेर काय मिळंल?"

असा प्रश्न मला दर कंपनीत कोणी ना कोणी विचारतो, पण तो भुवई उंचावून विचारतो. त्याला आपल्याला कमी मिळतंय हे माझ्या तोंडून ऐकायचं असतं. या माणसाच्या तोंडाला कोरड पडली होती. दोन मिनिटांपूर्वी पाणी पिऊन आलेला माणूस ओठ ओले करत होता.

"आम्ही खुर्ची मोजतो," मी म्हणाले. "माणूस मोजत नाही."

"माझी खुर्ची रिकामीच हाय. माणूसच मोजा."

"कशासाठी पण?"

"आजवर मला जे मिळालं, ते अण्णाला मिळालं म्हणून मिळालं," ते म्हणाले. "तो नसता तर मला काय मिळालं असतं, का काहीच न्हाई, हे मला ठाऊक न्हाई. छप्पन वर्षं झाली. विचारायचं तरी कुणाला? अण्णाला विचारलं तर तो भडकंल, बायकोला विचारलं तर ती रडंल. तुमचा धंदाच हाय म्हणून विचारतोय."

मी तोंडदेखलं काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकले असते. साहेब लोकांचं मन राखण्यात माझा हातखंडा होता. पण त्यांच्याकडे बघून ते जमेना. मी तिथेच एका उलट्या पेटीवर बसले आणि वही उघडली.

"आयटीआय वगैरे?"

"न्हाई. बी.कॉम.ला दोनदा बसलो."

"अनुभव?"

"पंधरा-सोळा वर्षं. पण दुपारचाच."

त्या भागातल्या सुतारांचे, पॅटर्न करणाऱ्यांचे, त्यांच्या मदतनिसांचे पगार मला माहीत होते, कारण वरचे पगार ठरवायचे तर खालचेही बघावे लागतात. मी एमडींसाठी जेवढी काळजी घेते तेवढीच घेतली. जरा जास्तच घेतली. धाकटे माझ्यासमोर हात मागे बांधून उभे होते.

"महिना साडेनऊ हजार," मी म्हणाले. त्यांचा तेव्हाचा पगार साडेतीन लाख होता.

ते म्हणाले, "मालकाचा भाऊ म्हणून वाढवून न्हाई ना सांगितलं?"

"नाही."

"वय धरलं?"

"धरलं. त्यामुळे थोडा कमी झाला."

"आणि लाकूड वाया जातंय ते?"

माठ एवढा लांब नव्हता तर. "तेही धरलं," मी म्हणाले.

"म्हणजे एवढं सगळं धरून साडेनऊ हजार मिळत्यात," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "म्हणजे काहीतरी मिळतंय की!"

कोटीकोटीचे आकडे मी लोकांच्या हातात दिले होते आणि त्यांनी नाकं मुरडली होती. कमी म्हणून एकाने तर कागद माझ्या अंगावर भिरकावला होता. पगार ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मला भरून आलं. थोडा रागही आला, पण कोणाचा ते सांगता येईना, कारण कोणी काही वाईट केलंच नव्हतं.

महिनाअखेरीची बैठक थोरल्यांच्याच केबिनमध्ये झाली. या वेळी धाकटेही होते. तेलंग प्लायवूडच्या खांबाला खेटून बसला होता. मी तडजोडीचा एक मसुदा आणला होता. मालकीचा नफा निम्मा-निम्माच राहील, पगार मात्र वेगळे, आणि धाकट्यांना एक शोभेसं सल्लागारपद. मला तो स्वतःलाच पटलेला नव्हता.

"वाचा," थोरले म्हणाले. मी वाचायला सुरुवात केली आणि सल्लागारपदाशी आले तेव्हा धाकट्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"अण्णा, मला ते सल्लागार नको. मला पॅटर्न शॉपला घे. केरबाच्या हाताखाली. पगार ठरलाय माझा."

"कुणी ठरवला?"

"मॅडमनी. साडेनऊ हजार."

थोरल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मसुदा छातीशी धरला.

"साडेनऊ हजार?" ते उभे राहिले. "हेरवाड्यांच्या फाउंड्रीत हेरवाडे साडेनऊ हजारावर? अरे, लोक तोंडात शेण घालतील माझ्या! म्हणतील, थोरल्यानं भावाला नागवला!"

"म्हणू देत. निम्मी मालकी हाय की माझी, ती कुठं जातीय? मी पगाराचं बोलतोय."

"मग मला पण साडेनऊ हजार!" थोरल्यांनी टेबलावर हात आपटला. "लिहा मॅडम. दोघांना साडेनऊ!"

तेलंगच्या हातातलं पेन खाली पडलं. ते घ्यायला तो वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"तुला कोण देतंय साडेनऊ हजार?" धाकटे म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "तुला पॅटर्न घासता येतोय का? एक कड गोल करून दाखव. केरबा तुला दारात उभा करायचा न्हाई."

मला हसू फुटलं आणि ते मी खोकल्यात घालवलं. थोरले मात्र हसले नाहीत. ते हळूहळू खाली बसले. त्या मोठ्या माणसाचा एवढा लहान झालेला चेहरा बघवत नव्हता.

"मग मी एवढी वर्षं तुला दिलं ते काय होतं रे?"

"तुझं निम्मं."

"कमी पडलं?"

"न्हाई, अण्णा. कमी कधीच पडलं न्हाई." धाकट्यांचे डोळे भरून आले होते, पण ते थांबले नाहीत. "पण ते तुझं होतं. तू कमवायचास आणि निम्मं माझ्या ताटात वाढायचास. मी नुसतं जेवलो. हे साडेनऊ हजार माझं हाईत. वय धरून, लाकूड वाया जातंय ते धरून, सगळं धरून माझं हाईत. तेवढं मला घेऊ दे."

"आणि उद्या तुझ्या मनात आलं, की अण्णाला एवढं आणि मला एवढंच?"

"माझ्या मनात काय येतंय, ते तू मला कधी विचारलंस?"

बाहेर भट्टी बंद होती, बहुतेक पुन्हा बिघडली असावी. थोरल्यांनी मसुदा माझ्या हातातून घेतला. सल्लागारपदाच्या ओळीवर काट मारली आणि तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पॅटर्न शॉप.' आकडा लिहिताना त्यांचा हात थांबला, पण त्यांनी लिहिला. या वेळी शेजारचा स्वतःचा आकडा त्यांनी खोडला नाही. तेलंगने मोठा श्वास सोडला. भट्टीचे पैसे मिळणार होते.

मी कागद गोळा करायला लागले तशी थोरल्यांनी माझ्याकडे बघितलं. दणक्याचा आवाज कुठेतरी गेला होता.

"आणि माझा भाव, मॅडम?"

"तुमचा आकडा वरच आहे साहेब."

"तो खुर्चीचा. त्याचा काढलात तसा सांगा. मी मालक नसतो, तर मला कुणी कामावर ठेवलं असतं?"

मला खरंच माहीत नव्हतं. बासष्ट वर्षं वय, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आयुष्यभर एकच फाउंड्री, वरून हा राग. दहा-बारा कंपन्यांच्या सरासरीत असल्या माणसाचा रकाना नसतो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मी ठेवलं असतं," धाकटे म्हणाले.

"तू?" थोरले त्यांच्यावर उसळले. "तुझ्याकडं काय फाउंड्री हाय?"

"निम्मी हाय की."